डिंकवाला घरी आला तेव्हा

भाचीनं लग्न ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा मावशी मशीनवर कुणाच्या तरी दिवाणखान्याचे पडदे घालून बसली होती. तिनं पाय थांबवला नाही. दोरा तोडला, टोक दातांत धरलं आणि अशा वेळी घराघरांतून सगळ्यांत आधी येतो तोच प्रश्न विचारला.

"आपल्यातला आहे का?"

भाची म्हणाली, नाही. तेव्हा मात्र मशीन थांबलं.

इतरांच्या घरी या प्रश्नाचे काय अर्थ होत असतील ते होवोत, या घरात त्याचा अर्थ अगदी सरळ होता: मुलाला शेपूट येतं का? मावशी, तिची धाकटी बहीण म्हणजे भाचीची आई, आणि दोघींचा भाऊ, ज्याला घरीदारी सगळे मामाच म्हणत, ही सगळी सिंहकुळीतली माणसं. दिसायला चारचौघांसारखी. धाकटी शाळेची व्हॅन चालवायची, आणि तिनं आरशातून नुसतं मागे बघितलं तरी पोरं चिडीचूप व्हायची. मामा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. तिथला माइक बिघडलाय हे वरच्या साहेबांना कित्येक महिने कळलंच नव्हतं. मावशी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची.

पण यांच्यापैकी कुणाला पुरती, तोंडभर, डोळ्यांतून पाणी काढणारी जांभई आली, की ती संपेपर्यंत माणूस गेलेला असायचा आणि त्याच्या जागी सिंह नाहीतर सिंहीण बसलेली असायची. मन होतं तसंच राहायचं, कुणी कुणाला खायला उठत नसे. फक्त बोलता यायचं नाही आणि हातांचे पंजे व्हायचे. परत माणसात यायला एक सणसणीत शिंक लागायची, त्यासाठी घरात तपकिरीची डबी कायम भरलेली असे. कपड्यांचा प्रश्न मावशीनं सोडवला होता. घरातल्या प्रत्येकाचे कपडे ती बगलेत आणि कमरेत आतल्या आत जास्तीच्या चुण्या घालून शिवायची. त्यामुळे फाटाफाट होत नसे, नुसता माणूस बदलायचा.

मुलगा करतो काय, असं विचारल्यावर भाचीनं सांगितलं की तो डिंकाच्या कारखान्यात डिंक तपासायचं काम करतो. ती स्वतः बुकबाइंडिंगच्या दुकानात होती, तिथंच तो नमुने घेऊन आला आणि ओळख झाली. मामानं तोंड न पाहताच त्याचं नाव डिंकवाला ठेवलं आणि पोरीला बरोबर चिकटला म्हणाला. धाकटीनं त्याच्याकडे व्हॅनच्या आरशातली नजर टाकली, तसा तो गप्प झाला.

त्याला आपल्याबद्दल सांगितलंस का, असं मावशीनं विचारलं. भाचीनं मान हलवली. कित्येकदा सुरुवात केली, पण असली गोष्ट सुरू कुठून करायची तेच कळत नाही, म्हणाली. शेवटी मावशीनं ठरवलं, आधी आपण त्याला बघू, मग त्याला आपल्याला बघू दे.

तिनं त्याला रविवारी सकाळी बोलवायला सांगितलं होतं, कारण सकाळी झोप लांब असते. पण त्याची नेमकी सकाळची पाळी निघाली आणि तो यायचा ठरला तो भर दुपारी, जेवणं झाल्यावर, म्हणजे सगळ्यांत वाईट वेळेला. मावशीनं घरच्यांना दम भरला. दाढेखाली मिऱ्याचा दाणा ठेवायचा. तरीही जांभई यायला लागली, तर दूध बघून येते म्हणून स्वयंपाकघरात जायचं आणि दार लावून घ्यायचं. त्याला आणायला निघताना भाची एवढंच म्हणाली, "तो बोलायला लागला की जरा सविस्तर बोलतो हं."

डिंकवाला आला तो हातात डिंकाचा डबा घेऊन. उंच, किडकिडीत, भांग पाडून केस चप्प बसवलेले. सोफ्याच्या अगदी कडेला टेकला. मावशीला तो एकदम आवडला नाही, एकदम नावडलाही नाही. मग तिच्या हातून चूक झाली. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, कारखान्यात तुम्ही नेमकं काय करता?

त्यानं सांगायला सुरुवात केली. डिंक म्हटलं की लोकांना वाटतं डिंक एकच, पण तसं नाही. पातळ डिंक वेगळा, दाट वेगळा. पातळ लवकर सुकतो, पण सुकला म्हणजे धरलाच असं नाही. दाट उशिरा सुकतो, पण उशिरा म्हणजे किती, ते हवेवर आहे. हवा दमट असेल तर एक हिशेब, कोरडी असेल तर दुसरा, आणि सकाळी दमट, दुपारी कोरडी असेल तर, इथे त्याचा चेहरा उजळला, तर खरी मजा. आवाज एका पट्टीतला, टेबलफॅनसारखा.

सगळ्यांत आधी धाकटीचे डोळे जांभईनं भरून आले. तिनं मिरी कडकन फोडली, त्याचा उपयोग झाला नाही, आणि ती दूध बघायला गेली. दार लागलं. मामानं बराच दम धरला. त्यानं मांडीला चिमटे काढले, पायाची बोटं दुमडली, खिडकीबाहेर बघून बघितलं. पण डिंकवाला कागदाच्या उभ्या आणि आडव्या धाग्यांपर्यंत पोचला तसा मामाही उठला आणि इतक्या वेळात दूध कसं तापलं नाही बुवा, असं पुटपुटत पळाला. आतून भांड्यांचा ढीग कोसळल्याचा आवाज आला.

डिंकवाला क्षणभर थांबला. दूध उतू गेलं वाटतं, म्हणाला, आणि दुधावरच्या सायीच्या चिकटपणाबद्दल बोलायला लागला.

मावशी आता एकटीच किल्ला लढवत होती. आधार शोधावा म्हणून तिनं भाचीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. या पोरीला सिनेमाला नेलं की मध्यंतराच्या आत शालीखाली झाकून मागच्या दारानं बाहेर काढावी लागायची. शाळेत इतिहासाच्या तासाला तिच्यासाठी दर आठवड्याला पोटदुखी शोधावी लागली होती. तीच पोर आता हनुवटीखाली हात घेऊन, डोळे मोठे करून ऐकत होती. "आणि मग थंडीत?" असं तिनं मध्येच विचारलंसुद्धा. जांभईचा मागमूस नाही. मुलगी गेलीच आपल्या हातची, असं मावशीला वाटलं, आणि त्याचं वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं.

ती सावरली असती. पण डिंकवाल्याला काळजीनं रात्रभर झोप लागली नव्हती. बोलता बोलता त्यालाच एक जांभई आली. त्यानं तोंडावर हात धरला, माफ करा म्हणाला, पण जांभई पाहिली की पाहणाऱ्याला येतेच. मावशीनं जबडा आवळला. जबड्यानं ऐकलं नाही.

जांभई संपली तेव्हा सोफ्यावर जांभळ्या रंगाचे ठेवणीतले कपडे घातलेली एक प्रौढ सिंहीण बसली होती. छातीवर मोत्यांची पिन तशीच होती.

भाची गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली होती. आता काय ते त्याचं त्यालाच ठरवू दे, असा तिचा चेहरा होता. डिंकवाल्याच्या हातात चहाचा कप होता. तो त्यानं महत्प्रयासानं टेबलावर ठेवला, सिंहिणीकडे पाहिलं आणि विचारलं,

"पुढचं सांगू, की थांबू?"

मावशीला हसू आलं. पण सिंहिणीच्या हसण्यात दातच फार दिसतात, त्यामुळे थांबावं असा अर्थ त्यानं घेतला.

मग भाचीनं सगळं सांगितलं. इतके दिवस सापडत नव्हती ती सुरुवात आता समोरच बसली असल्यामुळे सांगणं सोपं गेलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे आत दूध नाहीये," तो म्हणाला.

"आत आई आणि मामा आहेत."

त्यानं कप दूर सारला. मावशीला वाटलं, आता हा उठणार, चपला घालणार, आणि पोर रात्रभर रडणार. पण त्याला भलतंच लागलं होतं.

"म्हणजे हे माझ्या बोलण्यानं झालं," तो म्हणाला. "कारखान्यात मी बोलायला लागलो की लोक उठून जातात. मला वाटायचं, त्यांना कामं असतात."

भाची जागची उठून त्याच्या शेजारी बसली. "मला नाही आली जांभई," ती म्हणाली. "तू बोलताना मला एकदाही आली नाही. सुरुवातीला तर मला वाटलं, मी आजारीच आहे."

त्याचे कान लालबुंद झाले.

तिनं तपकिरीची डबी उघडली, तर त्यानं ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतः मावशीच्या नाकापुढे धरली. मावशी अशी शिंकली की त्याचा चप्प बसवलेला भांग उभा राहिला. तिनं पिन सरळ केली, पदर नीट केल्यासारखे कपडे झटकले, आणि इतका वेळ 'तुम्ही' म्हणत होती ते सोडून म्हणाली, "नीट मागे टेकून बस बघू. चहा गार झाला तुझा."

सगळं इथेच गोडीत मिटलं असतं, पण तपकिरीच्या वासानं स्वयंपाकघराचं दार ढकलून मामा बाहेर आला. मामाची आयाळ म्हणजे अख्खी चौकट भरायची. डिंकवाला मोठ्या माणसाला बघून उठतात तसा अदबीनं उठून उभा राहिला, नमस्कार म्हणाला आणि सरळ गालिच्यावर आडवा झाला. त्याला शुद्धीवर आणायला पाण्याचा अख्खा तांब्या लागला.

निघताना त्यानं दारात एकच विचारलं, माझ्या आईला सांगू का? मावशी म्हणाली, सांगू नकोस, घेऊनच ये.

त्याची आई पुढच्या रविवारी आली. बुटकी, चष्मेवाली बाई. इस्पितळाच्या धुलाईखात्यात जन्म काढलेला. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि मला दाखवा म्हणाली. मामा तयार झाला, पण मागितली तेव्हा जांभई येईना. तो तोंड वासून वासून दमला. शेवटी सगळ्यांनी डिंकवाल्याकडे पाहिलं. तो आधी लाजला, मग घसा खाकरून पाकिटाच्या कडेला लावायच्या डिंकाबद्दल बोलायला लागला, आणि त्याची दोन-चार वाक्यं होतात न होतात तोच मामाचा सिंह झाला. डिंकवाल्याला त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्या बोलण्याचा अभिमान वाटला असावा.

त्याची आई उठली. मामाभोवती एक चक्कर मारली, आयाळीची बट बोटांत धरून चादरीचा पोत बघावा तशी चोळून बघितली. मग मावशीकडे वळली.

"केस गळतात का?"

मावशीच्या मनात आलं, नाही म्हणून टाकावं. पण सोयरीक व्हायची तर खोटं कशाला. "उन्हाळ्यात गळतात," ती म्हणाली.

"उन्हाळ्यातच ना," ती बाई परत खुर्चीत बसत म्हणाली. "आमच्या ह्यांचे बारा महिने गळायचे." आणि तिनं पर्समधून चष्म्याचं फडकं काढून चष्मा पुसला, आणि लग्न उन्हाळ्याच्या आत उरकून घ्यावं की नंतर, त्यावर दोघींचं बोलणं सुरू झालं.