दहापैकी आठ

सरकारी वकीलबाईंनी मला नऊला बोलावलं होतं. मी सातलाच कचेरीत गेलो. बायको, युलालिया, गेल्यापासून घरात बसवत नाही. खुर्चीवर बसलो की उठतो, आणि कशाला उठलो ते आठवत नाही.

डेर्लिस फाटकाशी थंड तेरेरे पीत उभा होता. अंगावर गणवेश नव्हता, पिस्तूलही काढून घेतलेलं. त्याने पेला पुढे केला.

"घ्या मास्तर. विष नाही घातलेलं."

जिल्ह्यातल्या पोलिसांना मी गोळी चालवायला शिकवतो, म्हणून मास्तर. वर्षातून एकदा वीटभट्टीमागे चांदमारी होते. माणशी दहा गोळ्या. सात लागल्या नाहीत तर पिस्तूल जमा करायचं. गुणपत्रकावर सही माझी.

गेल्या महिन्यात बसथांब्यावर डेर्लिसने पळणाऱ्या चोराच्या मोटरसायकलवर गोळी झाडली. चोर निसटला. गोळी चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकणाऱ्या ओदुलियामावशींना लागली. त्या तिथेच, टोपलीशेजारी गेल्या. वकीलबाईंकडे डेर्लिसचं गुणपत्रक आहे: चौदा ऑगस्ट, दहापैकी आठ.

चौदा ऑगस्टला डेर्लिसने एकही गोळी झाडली नाही. सकाळी युलालियाला श्वास घेता येईना. मी घरीच अडकल्याचं कळताच हा चांदमारीच्या रांगेतून निघाला आणि पोलिसांची गाडी घेऊन दारात आला. असुन्सियोनच्या इस्पितळापर्यंत कुठे थांबला नाही. त्यामुळे मला तिचे आणखी अकरा दिवस मिळाले. कोऱ्या गुणपत्रकांवर मी आदल्या दिवशीच सह्या केल्या होत्या. आमच्याकडे तसंच चालायचं. मी नसेन तेव्हा आकडे निरीक्षक बेनेगास भरायचे. गैरहजर असेल त्याला आठ. दहा दिले तर वरच्यांना संशय येतो.

"साहेब म्हणतात, सही माझीच एवढंच सांगा," डेर्लिस म्हणाला. "खोटं नाहीच ते."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार? खरं कळलं तर मी आत. तुम्ही आणि साहेबही."

युलालियाचं नाव त्याने काढलं नाही. काढलं असतं तर मला राग तरी आला असता.

"चौदाला झाडल्या असत्यास, तर किती लागल्या असत्या?"

तो हसला. "त्याच्या आदल्या वर्षी चार लागल्या होत्या. तुम्हीच म्हणालात, डेर्लिस, तू दगड मार बाबा, गोळ्या तरी वाचतील. आणि मग सात लिहिलेत."

मी पेला परत दिला आणि आत गेलो.

बाकावर ओदुलियामावशींचा नवरा क्रेसेन्सियो बसला होता. मी येरझाऱ्या घालत होतो. तो बराच वेळ बघत राहिला.

"यांना शिकवणारे ते तुम्हीच का?"

"हो."

आता तो शिव्या देईल असं वाटलं. तो सरकला आणि बाकावर जागा करून दिली. बसावंच लागलं. पाय थांबेनात. नऊला मला आत बोलावलं.

वकीलबाईंनी कागद पुढे केला. "ही सही तुमची?"

"माझी. पण आकडा माझा नाही, निरीक्षकांचा. मी त्याला झाडताना पाहिलंच नाही. तेव्हा तो माझ्या बायकोला इस्पितळात नेत होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आकडा निरीक्षकांनी भरला. ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता."

मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो.

"त्याच्या आदल्या वर्षी त्याला चार लागल्या होत्या. सात मी लिहिले. स्वतःच्या हाताने."

"मी यंदाचंच विचारलं होतं, गालेआनो. हे लिहून घेतलं तर तुमच्यावर येईल."

"लिहा."

"का लिहिलेत सात?"

 

"पोरगा चांगला होता, बाई."

त्यांनी तेही लिहून घेतलं.