दोनशे रुपयांचं पातं

मी केस कापायची मशीन आहे. सलूनमधली नव्हे, ऑपरेशनच्या आधी लागणारी. परतवाड्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात राहते. अकरा महिने लोखंडी कपाटात होते. आता बाहेर आहे, म्हणून बोलून घेते.

ऑपरेशनच्या जागेवरचे केस काढावे लागतात. वस्तरा ते मुळापासून खरवडतो आणि कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे ठेवून जातो. तिथे जंतू घर करतात. मी केस कापते, कातडीला दुखवत नाही. माझा गुण एवढाच. पण प्रत्येक पेशंटला माझं पातं नवं लागतं, आणि पातं दोनशे रुपयांचं.

प्रियदर्शनी सिस्टरनं हट्टानं मला मागवलं. ती नर्सिंग शिकून नुकतीच आलेली. तिला सगळं उद्याच बदलायचं होतं. संस्थेचे सचिव महादेवराव यांनी मशीन घेतली, मग पात्यांची किंमत पाहिली आणि मला कुलपात टाकलं. वस्तऱ्याचं काम सात रुपयांत होतं, असं त्यांचं म्हणणं.

वस्तरा असायचा बुधाजीकाकांच्या हातात. सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेला माणूस. आदल्या संध्याकाळी ते पेशंटचं पोट असं तुळतुळीत करत, की नातेवाईक हात फिरवून समाधानानं मान डोलवत. आपल्याकडे गुळगुळीत म्हणजे स्वच्छ. कपाटात मला ती खरखर ऐकू यायची. वाटायचं, एकदा तरी कुणी मला हातात घ्यावं.

मग इंदूबाई आली. मेळघाटातल्या सेमाडोहला पर्यटकांच्या खानावळीत पोळ्या करणारी. बेंबीशेजारी लिंबाएवढी गाठ. भरलं पातेलं उचललं की ती नारळाएवढी होई. जवळ पैसे नाहीत, सरकारी योजनेत नाव नाही. पण दवाखाना महिन्याच्या शिलकीतून एक ऑपरेशन फुकट करतो, त्यात तिला सोळा तारीख मिळाली. सीझनच्या आत मले उभी करा, नाही तं मालक दुसरी बाई ठेवतीन, असं ती सिस्टरला सांगून गेली.

त्याच सुमारास अचलपूरचे शिंपी अब्दुल सत्तार हर्नियासाठी भरती झाले. वस्तरा फिरत असताना ते हसत होते. "बुधाजीभाऊ, इतनी साफ तो मेरी दाढी भी नहीं होती."

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी टाके लाल झाले, सातव्या दिवशी पू आला. टाके उघडले, महागडी इंजेक्शनं सुरू झाली, दिवसातून दोनदा ड्रेसिंग. तीन दिवसांचा मुक्काम बावीस दिवसांवर गेला. सरकारी योजनेनं त्यांच्यासाठी ठरलेली रक्कम तेवढी दिली. वरचे सेहेचाळीस हजार दवाखान्याच्या माथी आले. शिल्लक संपली, खाटही अडली.

सोळा तारखेला इंदूबाई पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं आली आणि पुढची तारीख घेऊन परत गेली. पुढच्या महिन्यात आणखी एकाची जखम चिघळली. इंदूबाई आली, पुन्हा तेच. या वेळी ती रागावली असती तर बरं झालं असतं. पदर सारखा करत एवढंच म्हणाली, "सिस्टर, येण्याजाण्यात रोजी बुडते माही. येकदाच काय ते सांगा नं."

त्या दुपारी सिस्टरनं सगळी बिलं महादेवरावांच्या टेबलावर ठेवली. "सर, एकट्या सत्तारभाईंच्या जखमेत दोनशे तीस पात्यांचे पैसे गेले. आणि इंदूबाईचं ऑपरेशन गेलं."

महादेवरावांनी आकडे दोनदा तपासले. दारात बुधाजीकाका उभे होते.

"म्हणजे माह्या हातानं झालं काय हे?"

सिस्टर अडखळली. "एकट्या वस्तऱ्यानंच झालं, असं नाही म्हणत मी, काका. पण त्यानं जंतूंना वाट करून दिली. तुमचा हात चांगलाच आहे."

"चांगला हात घेऊन काय करू मी आता," काका म्हणाले. त्यांनी महादेवरावांकडे कपाटाची चावी मागितली.

पहिल्या दिवशी माझ्या घरघरीनं ते दचकले. आता सरावलेत. खुंट राहिले म्हणून कुणी नातेवाईक कुरकुरला, तर तेच बरं आहे, असं त्याला सुनावतात. तीन महिन्यांत बत्तीस पेशंट झाले. जखम एकाचीच चिघळली. शिल्लक उरली. सिस्टरनं इंदूबाईला फोन लावला, तर तो बंद. कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवली. तो सांगत आला, की खानावळीत आता दुसरीच बाई पोळ्या करते; इंदूबाई कुठं गेली, ते कुणालाच माहीत नाही.

इतके दिवस मला फक्त काम हवं होतं. आता काम आहे, पण प्रत्येक नव्या पोटावर मी ती लिंबाएवढी गाठ शोधते. काकांनी एक पातं वेगळं ठेवलंय. ते दुसऱ्या कुणाला लावत नाहीत.

तुम्ही वाघ पाहायला मेळघाटात जाल, तेव्हा वाटेतल्या टपऱ्यांवर जरा विचारा. पोळ्या करणारी इंदूबाई भेटली तर तिला म्हणावं, कुठल्याही दिवशी ये. खाट रिकामी आहे.