मनोऱ्याची किल्ली

लिथुआनियाच्या या कोपऱ्यात, झेमायतियात, आमच्या चर्चची मोठी घंटा मी वाजवते. नवरा गेला तेव्हापासून दोर माझ्या हाती आहे आणि मनोऱ्याची किल्ली गळ्यात, क्रुसाच्या शेजारी. या वसंतात ती किल्ली जायची वेळ आली.

सीमेकडच्या बातम्या बिघडल्या, तशी गावात स्वयंसेवकांची तुकडी उभी राहिली. टेहळणीला मनोरा लागणार आणि मनोऱ्यावर जो असेल त्याला बंदूक सांभाळता आली पाहिजे, असं ठरलं. नाहीतर किल्ली दुसऱ्याकडे.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," रिमविदास म्हणाला. तो फौजेत राहून आलेला, आता तुकडीला शिकवणारा. पूर्वी माझ्याच शेजारी उभा राहून बेसूर स्तोत्रं गायचा. "तुमच्यापुरता नियम वाकवला तर उद्या सगळेच वाकवायला येतील."

"मग मला शिकव," मी म्हटलं.

शाळेमागच्या गवतावर त्यानं माझ्या हातात रबरी बंदूक दिली. नेम धरायचा नव्हता. माणूस अगदी अंगाला भिडला आणि त्यानं नळी पकडली, तर बंदूक हातची जाऊ द्यायची नाही, एवढंच शिकायचं होतं. त्यानं नळी धरून ओढली आणि बंदूक गेलीसुद्धा. पुन्हा दिली, पुन्हा गेली.

"मावशी, सोडता कशाला?"

"मी कुठं सोडते?"

"मग मी काय जादू करतो?"

बेकरीवाली लुडविका, माझी जन्माची मैत्रीण, कुंपणाला टेकून बघत होती. "अपोलोनिया, तुझ्या हातून बटाट्याची पिशवी घ्यायची तर मला भांडावं लागतं. आणि बंदूक काय प्रसादासारखी वाटत सुटलीस? हट्टाला नाव असलेली झेमायती बाई ना तू?"

घरी येऊन मी माझे हात बघत बसले. घंटा झुलली की दोर वर पळतो. त्या घटकेला जो धरून राहील तो दोराबरोबर उचलला जातो. म्हणून ओढ लागली की बोटं सैल होतात. मला सांगावं लागत नाही. हे झालं हातांचं. पण आमचे जुने फादर प्रवचन गाऊन सांगायचे. त्यांचा तो सावकाश चढत जाणारा सूर अजून कानात आहे: मागणाऱ्यापुढं मूठ मिटू नकोस, मिटल्या मुठीत देव तरी काय ठेवणार? ते गायचे आणि मी रडायचे. मग बंदूक सोडतंय कोण, हात की मी? आणि मीच सोडत असेन, तर ते पाप की पुण्य? किल्ली तर मला हवीच होती. ती मात्र मी कुणाला देणार नव्हते. याचा मेळ काही लागेना.

"ओढाओढी करूच नका," रिमविदासनं समजावलं. "तो ओढतोय ना, मग त्याच्याच अंगावर चालून जा. बंदूक छातीशी घ्या, गुडघे वाकवा, सगळा भार खाली, आणि कमरेतून वळा."

संध्याकाळी बेकरी बंद झाली की लुडविका भट्टीचं लांब फावडं घेऊन यायची. एक टोक माझ्या हाती, दुसरं तिच्या. "धर," ती ओरडायची. "धर गं, धर." हळूहळू माझी बोटं ऐकू लागली.

शनिवारी परीक्षा झाली. रिमविदासनं नळी धरून जोरात ओढलं. मी पुढं गेले, खाली बसले, वळले, आणि तो गवतावर पाय पसरून बसलेला दिसला. बंदूक माझ्या छातीशी होती.

"झालं, मावशी. पास. द्या आता इकडे."

मला द्यायची होती. बोटं उघडेनात.

"मावशी, सोडा की."

"सोडते रे," मी म्हटलं आणि तशीच उभी राहिले. शेवटी लुडविकानं येऊन एकेक बोट उलगडलं. "पावाच्या पिठासारखी चिकटलीत," ती म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. किल्ली माझ्याकडेच राहिली. रात्री देवाचे आभार मानायला बसले, पण नक्की कशाबद्दल मानायचे ते ठरेना.

रविवारी मी दोर खाली खेचला. वर घंटा झुलली, दोर वर पळाला, आणि माझी मूठ मिटलेलीच. पाय जमिनीवरून सुटले. क्षणभर मी मनोऱ्यात लोंबकळत होते, एक बूट खाली पडलेला. मग दोरानंच मला खाली आणलं. पुढच्या झुलीला मी जबरदस्तीनं पकड सैल केली, तर अर्धीच झाली, आणि दोर तळहातांची साल काढत गेला. घंटा कशीबशी वाजली. आत चर्चमध्ये लोकांनी पहिलं स्तोत्र उशिरानं उचललं.

तशीच एका पायात नुसता मोजा घालून मी प्रभुभोजनाच्या रांगेत उभी राहिले. नव्या फादरांनी पवित्र भाकर पुढं केली. ती तळहातावर घ्यायची, नाहीतर थेट जिभेवर. मी नेहमीसारखा हात समोर धरला. मूठ मिटलेली होती. फादर थांबले. मागं लुडविका कुजबुजली, "उघड गं."

मी मुठीकडं पाहिलं, मग फादरांकडं. शेवटी तोंड उघडलं.