दोन रेघांनी खोटा

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोमीटर आहे आणि दोन रेघांनी खोटा आहे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण एकदा ते वेळेवर सांगितले गेले नाही आणि एक भला माणूस लबाड ठरला. मला बोलता येत नाही, हे खरे आहे. पण माझे काम खरे दाखवण्याचे होते, आणि मी बिनदिक्कत खोटे दाखवत राहिलो. ती टोचणी अजून गेलेली नाही.

माझा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. माझ्या दोन सपाट टोकांमध्ये वस्तू धरायची, मागची फिरकी तीनदा टिकटिक वाजेपर्यंत फिरवायची आणि माझ्या अंगावरच्या रेघा वाचायच्या. माझी एक रेघ म्हणजे एका मिलीमीटरचा शंभरावा भाग. तुमच्या डोक्यावरचा एखादा केस साधारण सहा-सात रेघांचा भरतो. काहीही न धरता मला मिटवले, की वाचन शून्य यायला हवे. पूर्वी ते शून्यच येत असे.

ज्या कारखान्यात मी काम केले तिथे पितळेचे बुश बनत. बुश म्हणजे पंपाच्या आत घट्ट बसणारी छोटी नळी; तिची बाहेरची जाडी बरोबर अठरा मिलीमीटर हवी. कारखाना थोरल्या मालकांनी काढला आणि त्यांच्यामागे त्यांची मुलगी तो चालवू लागली. तिला सगळे ताई म्हणत. ती पदार्थविज्ञान शिकलेली होती. काचेच्या खोलीत बसून ती हिशेब, पत्रव्यवहार आणि अकरा माणसांचे पगार सांभाळत असे.

माल तपासायचे काम मामांचे. ते कुणाचे मामा होते ते कुणालाच ठाऊक नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. रोज सकाळी ते माझ्या टोकांमध्ये कोऱ्या कागदाचा कपटा धरून ओढत, म्हणजे टोके पुसली जात. मग मला मिटवून शून्य बघत आणि वहीत सही करत. बावीस वर्षांत मी त्यांच्या हातून एकदाही पडलो नव्हतो. पाहुणे आले की ताई मुद्दाम मला दाखवून म्हणे, “आमच्याकडे मामांचा आकडा शेवटचा.” हे ऐकले की माझी छाती फुगायची. मला छाती नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि एका दुपारी मी पडलो.

मामांचे हात अलीकडे थोडे कापत. मी सुटलो तो थेट फरशीवर. माझी नालासारखी कमान किंचित आत वाकली. मामांनी मला उचलून पुसले आणि मिटवले. वाचन आले दोन रेघा. त्यांनी पुन्हा पुसून पुन्हा मिटवले. पुन्हा दोनच.

कारखान्याचा नियम असा होता, की उपकरण पडले तर वहीत नोंद करायची आणि ते प्रयोगशाळेत पाठवायचे. माझ्यावर प्रयोगशाळेचे सील होते, त्यामुळे मामांना मला गुपचूप नीट करता येईना. नोंद केली असती तर सगळ्यांना कळले असते की मामांचे हात आता भरवशाचे राहिले नाहीत. मामांनी इकडेतिकडे पाहिले. कुणाचे लक्ष नव्हते. त्या दिवसापासून ते प्रत्येक वाचनातून मनातल्या मनात दोन रेघा वजा करू लागले. मी अठरा मिलीमीटरवर दोन रेघा दाखवल्या, की ते वहीत नुसते अठरा लिहीत. आकडा बरोबर असायचा, मालही बरोबर जायचा. मात्र ती दुरुस्ती फक्त मामांच्या डोक्यात होती.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या मुलीचे ऑपरेशन ठरले आणि मामा घाईघाईने अकरा दिवसांच्या रजेवर गेले. परदेशातल्या एका पंपवाल्याचा दोन हजार बुशांचा माल तयार होत होता. ते जुने गिऱ्हाईक. माल पोचल्यावर साठ दिवसांनी पैसे देण्याचा करार होता आणि त्याने कधी एकसष्टावा दिवस उजाडू दिला नव्हता. त्याचा माल अडून राहू नये म्हणून ताई स्वतः मला घेऊन पितळ कापायच्या लेथपाशी आली. तिने पहिले पाच बुश मोजले.

“दादा, दोन रेघा जास्त येतायत,” ती लेथ चालवणाऱ्या टर्नरला म्हणाली. “अजून थोडं कापून घ्या.”

टर्नरने हात पुसले. “मशीनला मी बोटसुद्धा लावलेलं नाही, ताई. मामा असताना हेच सेटिंग पास व्हायचं.”

“मामांचं मामा बघतील. मी आकडा वाचतेय.”

“बरं. शिकलेल्या माणसाशी मी कुठे वाद घालू? घेतो दोन रेघा.”

त्याने दोन रेघा घेतल्या. मी ‘अठरा’ दाखवले. ताईने खूश होऊन मान हलवली. रिकामे मिटवून शून्य बघायचे तिला सुचले नाही. ज्या उपकरणाला मामांचा हात लागला आहे ते चुकेल, हे तिच्या मनातही आले नाही.

नवव्या दिवशी मामांचा फोन आला. मी टेबलावरच होतो. मला फक्त ताईचे बोलणे ऐकू येत होते.

“मुलगी कशी आहे? … चला, बरं झालं. … हो, माल तयार आहे. मीच तपासला. तुमच्यावाचून कारखाना बंद पडतो असं समजू नका हं, मामा. … त्याच मायक्रोमीटरने, दुसरा कुठे आहे? … नाही, खोकी दारातच आहेत, उद्या सकाळी गाडी येतेय. … हॅलो? मामा?”

काचेतून मला ती खोकी दिसत होती. पलीकडून मामा काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ताईने फोन ठेवला आणि म्हणाली, “दमलेत बिचारे.” दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि खोकी गेली.

परत आल्यावर मामांनी टर्नरला सांगितले, “दोन रेघा कमी काप.”

“कधी कापा, कधी नको. तुम्ही दोघं एकदा बसून ठरवा काय ते.” टर्नर हसत म्हणाला. मामा हसले नाहीत.

पुढचा दोन हजारांचा माल अगदी मापात गेला. साठ दिवस झाले, सत्तर झाले, पण दोन्ही मालांपैकी एकाचेही पैसे येईनात. मग पंपवाल्याचे पत्र आले. तो आणि ताई एका तिसऱ्याच भाषेत लिहीत, जी दोघांनाही बेताचीच येत होती, त्यामुळे पत्रे छोटी असत. त्याने लिहिले होते, की पहिला माल पंपात सैल बसतो. चौदाशे पंप परत आले आहेत. दुसरा माल चांगला आहे, पण पहिल्याचे ठरेपर्यंत दोन्हींचे पैसे थांबवले आहेत. आपण आपले माप तपासावे.

ताईने पत्र मामांपुढे ठेवले. “एकाच मापाने मोजलेला एक माल सैल आणि एक चांगला? खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं माणसाने.”

मामांनी पत्र दोनदा वाचले. मग म्हणाले, “पैसे द्यायचे नसले की लोकांना माप चुकल्याचं सुचतं.”

मित्रांनो, मामा वाईट नव्हते. हे वाक्य बोलताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे.

यानंतर वसुली सुरू झाली. ताईने पहिले पत्र गोडीत लिहिले, दुसरे कडक आणि तिसरे रजिस्टर. तिकडे सकाळ व्हायची तेव्हा इकडे कारखाना सुटायचा, म्हणून ती रोज थांबून फोन लावी. पलीकडची हिशेबनीस बाई दर वेळी म्हणे, ते बाहेर गेलेत. इकडे पितळवाला उधारी मागायला दारात बसू लागला आणि पगार दोन हप्त्यांत होऊ लागले. वकिलाने सांगितले, “भांडण झालं तर कुठल्या देशाच्या कोर्टात जायचं, हे करारात लिहिलेलंच नाही. तिकडे खटला लढायचा खर्च बिलापेक्षा जास्त होईल.” त्याने त्याच देशातल्या एका वसुलीवाल्याचे नाव दिले. पैसे मिळाले तर त्यातला चौथा हिस्सा त्याचा.

“म्हणजे चौथाईच की,” ताई म्हणाली. पण सही केली.

वसुलीवाला कामाला पक्का होता. त्याने पंपवाल्याच्या दारात माणूस उभा केला आणि पैसे बुडवणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव घातले. ती यादी तिकडच्या बँका वाचतात, कच्चा माल देणारे वाचतात, शेजारीपाजारीही वाचतात.

महिन्याभराने पंपवाल्याकडून एक छोटे खोके आले. आत पहिल्या मालातले वीस बुश होते आणि चिठ्ठीत एकच ओळ होती. कृपया आपणच मोजून बघा.

ताईने मला डबीतून काढले आणि एक एक करत वीसही बुश मोजले. तेही कारखान्यातल्या सगळ्या माणसांसमोर. माझी फिरकी वीस वेळा टिकटिकली आणि मी वीस वेळा सांगितले, अठरा, अठरा, अठरा. ते बुश सतरा पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांश मिलीमीटरचे होते. तो माणूस समुद्रापलीकडे बसून खरे सांगत होता आणि मी त्याला खोटे पाडत होतो. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

“बघितलंत, मामा?” ताई म्हणाली. “इतका हट्टी लबाड मी आजवर पाहिला नाही.”

तिने वसुलीवाल्याला कोर्टात जायला सांगितले. त्याने एक कागद मागवला. उपकरण ज्याच्या ताब्यात असते त्याने सही करून द्यायचे, की ते अचूक होते. ताईने तो टाइप केला आणि मामांपुढे सरकवला.

मामांनी पेन उघडले आणि बंद केले. त्यांनी कोऱ्या कागदाचा कपटा फाडला, माझी टोके पुसली आणि मला ताईच्या हातात दिले.

“सही करतो. आधी हा मिटवा आणि वाचा.”

ताईने मला मिटवले. टिकटिक झाली. ती बराच वेळ वाचत होती, आणि वाचायला तर दोनच रेघा होत्या.

“कधीपासून?”

“माझ्या रजेच्या आधीपासून. माझ्या हातून पडला.”

“फोन केलात तेव्हा खोकी दारात होती, मामा.”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“बावीस वर्षं तुम्ही म्हणायचात, मामांचा आकडा शेवटचा. ते गेलं असतं.”

ताई खुर्चीत मागे टेकली. “कॉलेजात पहिल्याच तासाला शिकवतात, आधी शून्य बघा. मला शिकवलं होतं. मी दोन हजार बुश पास केले आणि त्या माणसाला लबाड म्हणाले.” मग तिने तो टाइप केलेला कागद फाडला. मामा उठून निघाले, तशी ती म्हणाली, “उद्या वेळेवर या. तपासायला दुसरं कोण आहे?”

त्याच संध्याकाळी तिने फोन लावला. या वेळी हिशेबनीस बाईला तिने सांगितले, की पैशासाठी नाही, माफीसाठी फोन आहे. पंपवाला लगेच फोनवर आला. ताईने मोडक्यातोडक्या भाषेत सगळे सांगितले, मी पडलो तिथपासून. मग तो काहीतरी बोलला. फोन ठेवल्यावर ताईने मामांना सांगितले, “म्हणाला, दोन रेघा? आमच्याकडे अडीच आल्या होत्या. मी तीन वेळा मोजलं.”

ताईने पहिल्या मालाचे बिल रद्द केले आणि त्याचा तोटा स्वतः सोसला. दुसऱ्या मालाचे पैसे चौथ्या दिवशी आले. पूर्ण आले, कुणी आठवण न करता. त्यातून वसुलीवाल्याने आपला चौथा हिस्सा कापून घेतला, कारण करार म्हणजे करार. यादीतून नाव काढायला मात्र त्याने दीड वर्ष लागेल असे कळवले. नाव घालायला त्याला एक दिवस लागला होता.

ताईने पुढच्या मालाचे विचारले तेव्हा पंपवाल्याचे उत्तर आले. तुमचे बुश चांगले आहेत. पण यादी वाचून पंपाचे ओतीव भाग देणाऱ्यांनी मला उधारी बंद केली. आता माझ्याकडे पंप बनत नाहीत.

ते पत्र ताईने फाइलमध्ये लावले नाही. बरेच दिवस ते तिच्या टेबलावरच होते.

कारखान्यात नवा मायक्रोमीटर आला. निवृत्त होईपर्यंत मामा रोज सकाळी तो मिटवत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने म्हणत, “शून्य.” मला ताईने तुमच्या शाळेला देऊन टाकले. तुमच्या बाईंनी मला मुद्दाम दुरुस्त केले नाही. शून्य त्रुटी शिकवायला असाच मायक्रोमीटर लागतो, असे त्या म्हणाल्या. माझ्या डबीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली आहे, ‘दोन रेघा वजा करा’. माझा खोटेपणा आता सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात मला फार बरे वाटते.

मित्रांनो, हे सगळे आज सांगायचे कारण आहे. गेल्या बुधवारी प्रात्यक्षिकाच्या तासाला तुमच्यापैकी एकीच्या हातून मी पडलो. तिने मला उचलले, रुमालाने पुसले, इकडेतिकडे पाहिले आणि डबीत ठेवून दिले. मी तिचे नाव सांगणार नाही. सांगता येत असते तरी सांगितले नसते. पण डबीवर अजून ‘दोन’ लिहिले आहे आणि मी आता तीन दाखवतो. शुक्रवारच्या तुकडीने तारेची जाडी मोजली. त्यांचे उत्तर चुकले आणि सगळा वर्ग त्यांना हसला. त्यांनी तर अगदी नीट मोजले होते.

बाई रागावतील, हे मला माहीत आहे. दहा मिनिटे रागावतील. उद्या तास सुरू झाला की मला मिटव, आणि जे दिसेल ते मोठ्याने वाच.