प्रेमिलाबाईच्या घरचा अडकित्ता

मी एक जुना अडकित्ता आहे. जुना म्हटलं म्हणून मोडका समजू नका. माझे दांडे पितळेचे आहेत, दांड्यांच्या टोकाला दोन राघू आहेत आणि पात्याला आजही धार आहे. एका राघूची चोच झिजली आहे. तिच्याबद्दल कोणी विचारू नये. वय झालं की सगळ्यांचंच काही ना काही झिजतं.

मित्रांनो, माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका कारागिराने मला ओतलं, घासलं, मधोमध खिळा ठोकून दोन्ही अंगं जोडली आणि एक टणक सुपारी तोंडात देऊन पाहिली. एका दाबात तिचे दोन भाग झाले, तेव्हाच त्याने मला विकायला काढलं. पारशिवनीच्या बाजारात एका शेतकऱ्याने लेकीच्या लग्नासाठी मला घेतलं. ती लेक म्हणजे प्रेमिला. तिच्या पानाच्या डब्यात बसून मी खापरखेड्याला आलो.

खापरखेड्याला वीज तयार होते. तिथे कोळशाच्या पट्ट्यावर प्रेमिलाचे मालक मनोहरराव ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा डोळे तेवढे पांढरे दिसायचे. कमवायचे ते, पण घर चालायचं तिच्या शब्दावर. वस्तीतल्या सोयरिकीसुद्धा तिच्याच ओसरीवर पक्क्या व्हायच्या. आमच्याकडे लग्न ठरलं की सुपारी फोडतात. बोलणी झाली की मध्ये ताट यायचं आणि ताटात मी. माझा कट् आवाज झाला की मुलीचा बाप श्वास सोडायचा. त्यानंतर शब्द फिरवायची कोणाची छाती नव्हती, कारण समोर प्रेमिलाबाई बसलेली असायची. एकदा नवरदेवाचा काका ऐन वेळी मोटारसायकल मागायला लागला. ती त्याला म्हणाली, "पोरगं पायी चालत नाई का गा? मग मांडवात का उचलून आनता त्याले?" काकाने सुपारी तोंडात टाकली आणि गप बसला.

तिची एक रीत होती. दारात आलेला माणूस सुपारी घेतल्याशिवाय जायचा नाही, आणि पहिलं खांड त्याने स्वतःच्या हाताने फोडायचं. तो पाहुण्याचा मान. त्या घरातून सगळ्यांना काहीतरी मिळायचं. त्या घराने मात्र कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग दिवस पालटले. दुकानात आयती कातरलेली सुपारी मिळू लागली. पोरं तंबाखूत घोटलेला खर्रा खाऊ लागली. सोयरिकी मोबाइलवर जुळू लागल्या. मी डब्यात चुन्याच्या डबीशेजारी पडून राहिलो. राग यायचा, पण पडून राहण्यात निदान अब्रू होती.

मागच्या हिवाळ्यात मनोहररावांच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, हृदयाच्या नसेत जाळी बसवली. जाळीचा खर्च सरकारी योजनेतून निघाला. घरी आल्यावरच्या गोळ्या मात्र विकतच्या, आणि त्या रोजच घ्यायच्या. ठेकेदाराच्या कामाला पेन्शन नसते. मुलगा रोशन नागपूरच्या मनीषनगरातल्या एका दुकानाचा माल घरोघर पोचवतो, सून दीपमाला शिवण करते. एवढ्या माणसांचं पोट त्यावर चालायचं, पण जमेल तेवढंच घेतलेलं गोळ्यांचं पाकीट महिना संपायच्या आत रिकामं व्हायचं.

एका दुपारी झाकण उघडलं आणि प्रेमिलाबाईचा हात आत आला. मी खूश झालो. वाटलं, पाहुणे आले. पण ओसरीवर कोणी नव्हतं. तिने दार लोटून घेतलं आणि माझ्या तोंडात एक छोटी गुलाबी गोळी धरली.

सुपारी लढते. पात्याला अडते, मग फुटते. गोळी लढत नाही. ती नुसती चुरते. अर्धी तिच्या हातात गेली, अर्धी कागदाच्या पुडीत, आणि थोडी पूड माझ्या खिळ्यापाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजचंच.

मनोहररावांनी एकदा विचारलं, "गोळी लहान झाली का वं?"

"नव्या कंपनीची आहे," ती म्हणाली. "डाक्टर सांगत होता, लहान गोळीच जास्त काम करते."

ते हसले आणि गोळी गिळली. बायकोच्या शब्दाला त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

पण अंगणातून पाण्याची बादली आणताना आता ते मध्येच थांबायचे. डब्यात पडल्या पडल्या मला बादली टेकल्याचा आवाज यायचा. मग बराच वेळ काहीच यायचं नाही. तेवढ्या वेळात प्रेमिलाबाईची भांडी घासणंही थांबायचं. बादली पुन्हा उचलल्याचा आवाज आला की राखेचा हात पुन्हा भांड्यावर फिरायचा.

चैत्र संपता संपता एक सकाळ उजाडली. दीपमालेने पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं. गरिबांना औषधं मिळवून देणारी एक संस्था आहे. दवाखान्यात तिचं टेबल असतं. तिथे दीपमालेने मामंजींचं नाव दिलं आहे. आज त्यांची एक मुलगी घर पाहायला येणार आहे.

"कोनाले विचारून नाव देलं?" प्रेमिलाबाई म्हणाली.

दीपमाला खाली मान घालून लाटत राहिली. सासूने मग बरंच ऐकवलं. या घरातून लोकांना मिळालं आहे, या घराने कोणापुढे हात पसरला नाही, तुझ्या माहेरी चालत असेल. शेवटी एकदम शांत होऊन म्हणाली, "येऊ दे. पाहू दे तिले घर."

सुनेला वाटलं, सासू राजी झाली.

कशाची राजी! दुपारपर्यंत शेजारच्या शोभाताईंच्या दोन खुर्च्या आमच्या ओसरीवर आल्या. पाठोपाठ फुलाफुलांचे कप आले. मग शोभाताईंचा कूलरही दोघींनी ढकलत आणला, आणि त्या बिचाऱ्या आपल्या घरात पदराने वारा घेत बसल्या. मनोहररावांना इस्त्रीचा सदरा घातला. प्रेमिलाबाईने लग्नकार्यातली साडी काढली आणि नवऱ्याला आणि सुनेला ताकीद दिली की बोलायचं ते ती बोलेल. मला ताटात ठेवलं, वर रुमाल झाकला.

आलेली मुलगी वैभवी. उन्हाने लाल झाली होती. ती कागद पुढ्यात घेऊन विचारायची आणि प्रेमिलाबाई उत्तर द्यायची. मुलगा काय करतो? चांगल्या कामावर आहे. औषधं वेळेवर घेता ना? घेत नाही तर काय? अडचण आहे का काही? देवाच्या दयेनं काही कमी नाही.

दीपमाला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बोटांनी पदराचं टोक पिळत होती. रुमालाखालून मला मनोहररावांचा श्वास ऐकू येत होता. कूलरच्या घरघरीतूनही येत होता. वैभवीलाही तो आला असावा.

"काका, बरं वाटत नाही का? घाम फुटलाय तुम्हाला."

"उन्हाळा आहे," प्रेमिलाबाईच बोलली. "उन्हाळ्यात घाम नाई येत तर का थंडी वाजते?"

वैभवी सामान आवरू लागली. म्हणाली की संस्थेकडे औषधं थोडी आणि मागणारे फार. ज्यांचं अगदीच भागत नाही, त्यांना आधी द्यावी लागतात. तुमचं बरं चाललंय, आनंद आहे. ती उठली. प्रेमिलाबाई जिंकली होती. आणि मला ठाऊक होतं की आता उद्याही अर्धीच गोळी फुटणार. ही मुलगी दाराबाहेर गेली की परत येणार नव्हती.

पण रीत ती रीत. प्रेमिलाबाईने रुमाल काढला आणि ताट पुढे केलं. "सुपारी घेतल्याबिगर कोनी जात नाई आमच्या घरून. पहिलं खांड पाहुण्यानं फोडायचं."

वैभवीने हसत मला उचललं. उघडू गेली. मी उघडलो नाही.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. रोज गोळीपुरतंच तोंड उघडत होतो आणि खिळ्यापाशी इतक्या दिवसांची पूड घट्ट बसली होती, तीच बोलली. वैभवीने जोर लावला तशी ती खरवडून तिच्या बोटाला लागली. तिने बोट उजेडात धरलं.

"काकू, याने काय फोडता?"

"सुपारी. दुसरं काय फोडतात?"

"सुपारी गुलाबी नसते."

 खुर्चीतून मनोहररावांचा आवाज आला. "माही गोळी गुलाबी आहे." ते बायकोकडे पाहत होते. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मले वाटे, कंपनीनंच लहान केली."

वैभवी पुन्हा खाली बसली. हळू पण स्पष्ट बोलली. जाळी बसवलेल्या माणसाला ही गोळी अर्धी चालत नाही. रक्त जाळीत गोठतं आणि जाळी बंद होते. छातीत दुखतंय का, असं तिने मनोहररावांनाच विचारलं. त्यांनी सवयीने बायकोकडे पाहिलं. या वेळी बायकोची मान खाली होती.

"दुखते," ते म्हणाले.

वैभवीने फोन लावला आणि गाडी मागवली. दीपमाला चपला घालायला धावली. प्रेमिलाबाई उठली नाही. सोयरिकीत भल्याभल्यांना गप बसवणारी बाई मला ताटातून उचलून हातात घेऊन बसली होती.

"लिहा," ती म्हणाली. "खुर्च्या शोभाताईच्या हायेत. कप तिचे. कूलर तिचाच, तिले उकडून राहिलं असन. साडी माही आहे, ते लिहू नका." तिने मला ताटात ठेवलं. "माही बीपीची गोळी मी संक्रांतीपासून बंदच केली. तेही लिहा. आन् यायले पुरी गोळी द्या. मागून राहिली मी."

गाडी आली, सगळे गेले. मी ताटात तसाच पडून होतो. सुपारी अख्खी होती. शोभाताई कूलर न्यायला आल्या आणि तो न नेताच माझ्याशेजारी बसून राहिल्या. अंधार पडला तेव्हा त्यांना दीपमालेचा फोन आला. डॉक्टरांनी ठेवून घेतलं होतं. म्हणाले, आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर जाळीचा उपयोग नव्हता.

काही दिवसांनी मनोहरराव घरी आले. बादली आता त्यांना कोणी उचलू देत नाही. संस्थेकडून पुरी गोळी मिळते. वैभवीने जेनेरिक औषधाचं दुकानही दाखवलं. तिथे तेच औषध साध्या पाकिटात फार स्वस्त मिळतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. मनोहरराव रोज गोळी तळहातावर घेऊन आधी चारी बाजूंनी पाहतात. प्रेमिलाबाईला ते झोंबतं, पण ती पाण्याचा तांब्या पुढे करते. तिने मला चिंच लावून घासलं, खिळ्याजवळची पूड सुईने कोरून काढली.

माझी जागा आता पुन्हा ओसरीवर आहे. वस्तीतली एखादी बाई येते, इकडचं तिकडचं बोलत राहते, उठायचं नाव घेत नाही. मग प्रेमिलाबाई मला तिच्यापुढे ठेवते आणि विचारते, "तुह्या घरी गोळी कायनं तोडते वं?" बाई रडते तरी, नाहीतर चिडते. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून दवाखान्यातल्या त्या टेबलापाशी जातात. बोलायचं काम प्रेमिलाबाई करते, आणि तिथेही कोणाची पत्रास ठेवत नाही.

मित्रांनो, मला जपायचं तर जपा, नाहीतर भंगारात टाका. माझं आयुष्य भरून पावलं आहे. पण माझ्यासारखा एखादा तुमच्या घरीही असेल. अडकित्ता असेल, विळी असेल, भाजीची सुरी असेल. कोणी पाहत नसताना त्याच्या सांध्यावरून एकदा बोट फिरवा. बोट स्वच्छ निघालं तर उत्तम. नाही निघालं, तर घरातल्या माणसाजवळ जाऊन बसा.