झोडलेली जाळी

माझा अश्वजित कोकणातून घरी पोचण्याआधी त्याची बदनामी पोचली. तो जिथे कामाला गेला होता त्या मत्स्यपालन कंपनीने आमच्या धरणावरच्या मच्छीमार संस्थेला फोन केला, तुमच्या पोराने समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेले सगळे जिताडे मासे मारले. बाभुळगावच्या बाजारात येईपर्यंत त्याचं झालं, मथुराबाईच्या पोराने विष घातलं. मथुराबाई म्हणजे मी. संस्थेची जाळी सांधते, आणि माझं तोंड किती फाटकं आहे हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

पोरगा आला तर दोन्ही हातांवर वळ उठलेले. जेलीफिश डसली म्हणाला आणि गप्प झाला. संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव त्याला धरणातल्या पिंजऱ्यांपाशी फिरकू देईनात. शाळा सुटल्यापासून तिथेच राबलेला पोरगा काठावर बसून दुसऱ्यांचं काम बघत राहायचा. मला राग यायचा, त्यांचा आणि ह्याच्या गप्प बसण्याचाही.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलला. आमच्या धरणात पिंजऱ्याच्या जाळीवर शेवाळ धरतं. मग नावेतून जायचं आणि बांबूने जाळी झोडायची. शेवाळ सुटून आत पडतं, आतले तिलापिया मासे ते खायला झुंबड करतात, जाळीही मोकळी होते. समुद्रात एका सकाळी त्याला जाळीवर थुलथुलीत काहीतरी चिकटलेलं दिसलं, साबुदाण्याच्या खिरीसारखं. पाणी आत जाईना. मासे गुदमरतील म्हणून ह्याने बांबू घेतला आणि इथल्यासारखी जाळी झोडून काढली. हात पोळले तरी थांबला नाही.

जेलीफिश तुटली तरी तिचे तुकडे डसायचे थांबत नाहीत. ते सगळे तुकडे जाळीतून आत गेले आणि माशांच्या कल्ल्यांत शिरले. पिंजऱ्यातला मासा पळणार कुठे? दुपारपर्यंत जिताडे तोंडं वासून वर आले, कल्ले सुजून लाल झालेले, श्वास घेता येईना. झोडायचं नसतं, हे त्याला तेव्हा कळलं. कंपनीच्या लोकांना आधीपासून माहीत होतं. त्यांना ज्या दिवशी हे शिकवलं, त्या दिवशी इथून गेलेल्या पोरांना खाद्याची पोती उचलायला धाडलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणि गेल्या आठवड्यात त्याच कंपनीचा माणूस गाडी घेऊन धरणावर आला. आणखी पोरं हवीत म्हणे, इकडची पोरं जाळ्याच्या कामात तरबेज असतात. सदाशिवरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. पोरं जमली. मी जाळं सांधता सांधता उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सायेब, माह्या पोराले जेलीफिशचं कोनी सांगतलं होतं काय?"

तो म्हणाला, "मावशी, समुद्रावर काम करणाऱ्याला एवढं कळायला पाहिजे."

"आमच्या यवतमाळात समुद्र कुठी हाय? त्याले इथून नेलं तवा तुमाले हे मालूम नव्हतं?"

सदाशिवराव मला खुणेने गप्प करू लागले. पाहुण्यासमोर तमाशा नको, असं काहीतरी पुटपुटले. त्या माणसाने पोरांकडे बघितलं. पोरं मागे सरकायला लागली होती. तशी त्याने घाईघाईने ग्वाही दिली, काळजी करू नका, या वेळी सगळ्यांना आधी नीट शिकवू, मगच जाळीला हात लावू देऊ.

"म्हंजे मांगच्या वेळी नाही शिकवलं," मी म्हटलं. "सदाशिवराव, आयकलं ना तुमी? बजारात विष मनून फिरून राह्यलं ते काय होतं मंग?"

 सदाशिवरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि अश्वजितला म्हणाले, आजपासून कामाला लाग बाबा.

मला वाटलं, जिंकले. अश्वजित नावेत बसला आणि पहिल्या पिंजऱ्याशी गेला. मी काठावरून बघत होते. जाळी शेवाळाने हिरवीगार झाली होती. त्याने बांबू उचलला. बांबू दिसला की आता खायला मिळणार, हे तिलापियांना सवयीने कळतं. सगळे वर आले, जाळीशी गर्दी करून, तोंडं वासून.

त्याचा हात वरच राहिला. कितीतरी वेळ. मग त्याने बांबू नावेत ठेवला आणि जाळीवरचं शेवाळ नखांनी, बोटांनी, एकेक तार हळूहळू सोडवायला लागला. डोळे पुसायला खांद्याशी तोंड नेत होता, कारण हात भरलेले होते.

कंपनीची गाडी अजून उभी होती. मी तिकडे वळले. माझं बोलणं संपलं नव्हतं.