‘आम्ही’तला मी

दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर गुडघे टेकून शिंपीही म्हणायचा, “आम्ही पाप केलं आहे.” त्या ‘आम्ही’त लपणं सोपं होतं, शंभर माणसांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला पाप ते कितीसं येणार! पण आई गेल्यापासून, अकरा वर्षांत, थोरली बहीण घरी फिरकली नव्हती. दाराशी पाऊल वाजलं की तो शिलाई मशीन थांबवून कान द्यायचा.

या रविवारी पठ्ठ्याची जीभ घसरली. सगळे ‘आम्ही’ म्हणाले, हा एकटाच ‘मी’ म्हणाला. पुढचा शब्द काही केल्या फुटेना. तो तसाच उठला आणि तडक ताईच्या दारात जाऊन उभा राहिला.

“ताई, आईने शेवटी तुझी आठवणही काढली नाही, असं मी सांगितलं ना, ते धादांत खोटं होतं. रात्रंदिवस उशाशी मी, आणि हाका मात्र तुला. मला सहन झालं नाही गं.”

ताईने दाराची कडी धरली. मग हळूच म्हणाली, “काय म्हणून हाक मारायची?”

“चिमणे म्हणून.”

“पुन्हा म्हण,” ताई म्हणाली. “तिच्यासारखं.”